सामाईक भिंत

दुपारी अडीच. कूलरमधलं पाणी संपत आलेलं,
आणि वनरक्षक मडावी दारात, हातात रुमालाचं गाठोडं.
"मॅडम, इतवारीतून जप्त केलं, फिशटँकच्या दुकानातून.
साहेब म्हणे, कागदावर नाव पायजे.
गोटा हाय का जनावर हाय हे?"

दोन्ही, मी म्हटलं. बस आधी.

नारळाच्या कवडीएवढं,
दुकानदाराच्या हौसेनं निळ्या रंगात बुचकळलेलं,
तळाला पेननं किंमत, चारशे पन्नास.
आधी रंग उतरवला: बादली, दात घासायचा जुना ब्रश.
निळ्याखालून हळूहळू
हाडाचा रंग वर आला.

बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं या गावात,
जिथून समुद्राला जायचं तर आख्खी रात्र गाडीत.
प्रवाळ म्हणजे बरणी क्रमांक सत्तावीस,
झाकणाला मेण,
पंचेचाळीस पोरं आणि एक नमुना, काढा आकृती.
जिवंत पाहिलं एकदाच, ओख्याला, ओहोटीत,
घोट्याएवढ्या पाण्यात,
आणि तेव्हाही अर्धा वेळ चष्मा सांभाळण्यात गेला.

मडावीला समजावं म्हणून संत्रं शोधलं;
मे महिन्यात कुठलं संत्रं!
लिंबू कापलं, आडवं.
हे बघ, मधोमध गाभा, भोवती पडदे.
याचंही तसंच. एकेक खळगा म्हणजे एकेकाचं घर.
राहणारा मेला की कुंपणं तेवढी उरतात.
तो लिंबाचे पडदे मोजत बसला. "नऊ," म्हणाला.
याचे मी तिसापर्यंत मोजले, मग नजर चुकली.

व्हर्निअर लावला. आठ मिलिमीटर, साडेनऊ, अकरा.
हे सगळं लिहून घ्यायचं असतं,
पण या कुळात खरा प्रश्न एकच:
शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भिंत एक, की दोन?
दोन असतील, मध्ये चर असेल,
तर प्रजातीच बदलते.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमची भिंत एकच होती,
पलीकडे नायडूंची सरोजा.
परीक्षेच्या रात्री ती दोनदा ठोकायची, म्हणजे जागी आहे,
मी एकदा, म्हणजे झोपते आता.
खिळा आम्ही मारला की पोपडा त्यांच्याकडे पडायचा.
आता या लेआउटमध्ये माझी भिंत माझी,
देवतळ्यांची त्यांची,
मध्ये तीन फुटांचा बोळ, तिथे कुणीच जात नाही.

एका कडेला भिंग अडलं.
चर होता की ब्रशचा ओरखडा?
ड्रॉपरनं पाणी सोडलं, थेंब थेंब.
खळगा भरला, काठोकाठ थरथरला,
पाणी मधल्या मध्ये वाहिलं नाही;
थेट शेजारच्या घरात उतरलं.
भिंत एकच.

प्रजाती: फॅव्हायटीस.
जाती: 'अबडिटा असावी', असं लिहिलं आणि खोडलं.
कोर्टात 'असावी' चालत नाही,
आणि हाडावरून एवढी छाती मला होत नाही.
कायद्याला इतकं पुरे, मी म्हटलं,
हे पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.
"वाघाच्या?" मडावीनं तो तुकडा
दोन्ही हातांत धरला, पहिल्यांदा.
पुढचा रकाना, सापडल्याचं ठिकाण.
इतवारी, असं लिहिताना
पेन थोडं थांबलं.

"मरते कशानं हे?"
पाणी एक-दोन अंशांनी तापलं, तेवढं पुरतं.
बाहेर सेहेचाळीस होते.
तो काही बोलला नाही. लिंबू कापलेलंच होतं,
दोन ग्लास सरबत झालं.

तो गेल्यावर बादली राहिली, निळ्या पाण्याची.
तुळशीला नको, मोरीत डाग पडतील,
शेवटी मागचं दार उघडून
दोन भिंतींमधल्या बोळात ओतली.

"काय सांडलं वो?"
देवतळेबाईंचा आवाज. या उन्हाळ्यातला पहिला.